मासा, दूध आणि पावडरचा डबा

गेल्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एका ताईंनी पिशवीतून पावडरचा डबा काढला आणि आमच्यापुढे ठेवला. डब्यावर गाईचे चित्र, खाली 'चिकापासून बनवलेले, विषाणूंवर प्रभावी'. परदेशात दुधातल्या प्रथिनांनी मासेसुद्धा विषाणूपासून वाचतात, मग माणसाला गुण येणारच, असे विकणाऱ्याने सांगितले होते. ताईंची सून सातव्या महिन्यात आहे. डब्याची किंमत घरच्या महिन्याच्या किराण्याच्या निम्मी, तरी त्यांनी घेतला.

माशांची गोष्ट खोटी नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

ट्राउट आणि सामन हे थंड पाण्यातले मासे. युरोप-अमेरिकेत ते हौदांत आणि जाळ्यांत पाळतात. त्यांना आयएचएन नावाचा विषाणूजन्य रोग होतो. माशाच्या शरीरात रक्त तयार करणारा भागच तो नासवतो. पिल्लांच्या हौदात शिरला तर बहुतेक पिल्ले मरतात. त्यावर औषध नाही. अंडी आयोडीनच्या पाण्यात धुतात, हौदाचे पाणी जपतात. कॅनडात 2005 साली एका लशीला मंजुरी मिळाली, पण ती प्रत्येक माशाला सुई टोचून द्यावी लागते. बोटाएवढ्या हजारो पिल्लांना कोण टोचत बसणार?

म्हणून शास्त्रज्ञ दुधाकडे वळले. दूध फाटल्यावर जो चोथा खाली बसतो, ज्याचे आपण पनीर करतो, त्यातले मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. स्पेनमधल्या संशोधकांनी केसीन आणि त्याचे बारीक तुकडे काचेच्या भांड्यात वाढवलेल्या माशांच्या पेशींवर वापरून पाहिले. या विषाणूची वाढ कमी झाली. दुधात लॅक्टोफेरिन नावाचे दुसरेही एक प्रथिन असते. विषाणूला पेशीत शिरण्याआधी तिच्या अंगाला चिकटावे लागते. लॅक्टोफेरिन नेमक्या त्याच जागा आधी अडवते. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसेच. इतर अनेक विषाणूंवरही प्रयोगशाळेत हे दिसले आहे.

पण भांड्यातली पेशी म्हणजे जिवंत मासा नव्हे. खाल्लेले प्रथिन पोटात पचते, तुटते. त्यातले किती शिल्लक राहते आणि कुठवर पोचते, हा प्रश्न माशाच्या बाबतीतही येतो. आणि मासा म्हणजे माणूस तर नव्हेच.

माणसांवरही याची परीक्षा झाली आहे. ब्रिटनमध्ये दिवस भरण्याआधी जन्मलेल्या 2,203 बाळांवर मोठी चाचणी झाली. निम्म्या बाळांना दुधातून गाईचे लॅक्टोफेरिन दिले, बाकीच्यांना दिले नाही. 2019 साली निष्कर्ष आला : जंतुसंसर्गाचे प्रमाण कमी झाले नाही. हे डब्यावर कुणी छापत नाही. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. दुकानदार तर मोठा माणूसही नव्हे.

विहारात लगेच दुसरा प्रश्न आला. माशांना असे रोग होतात, मग गरोदर बाईने मासा खावा का? खावा. आयएचएनचा विषाणू माणसाला होत नाही. आपल्या बाजारात येणारे रोहू, कटला हे त्या थंड पाण्यातले मासेही नाहीत. चिलापीला होणारा एक वेगळा विषाणू भारतात सापडला आहे, पण तोही माणसाला बाधत नाही. मासा ताजा बघून घ्या : डोळा स्वच्छ, कल्ले लाल, मांस दाबले की परत वर येणारे. नीट शिजवून खा. ताईंच्या त्या डब्याच्या पैशांत कितीतरी दिवसांचे कालवण झाले असते, शिवाय अंडी आणि डाळ.

खरवसाचे कुणी विचारले. घरी वाफवलेला खरवस खुशाल खा, तो खाऊ आहे, औषध नाही. कच्चे, न तापवलेले दूध किंवा चीक मात्र कुणालाच देऊ नका.

लॅक्टोफेरिनच हवे असेल तर ते आईच्या पहिल्या पिवळसर दुधात, म्हणजे आईच्या चिकात, गाईच्या साध्या दुधाच्या कित्येक पट असते. शिवाय त्यात संसर्गाशी लढणारे इतरही घटक असतात. आपल्या वस्तीत अजूनही काही घरांत हा चीक 'जड' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवतात. मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला जिवावरचे दुखणे होऊ शकते. बाळंतपणानंतर पहिल्या तासात बाळाला छातीला लावा. सिझेरियन झाले असेल तर नर्सबाईंना तसे आधीच सांगून ठेवा. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. बाळ ओढत नसेल तर आशाताईंना बोलवा.

ताईंच्या सुनेला हे सगळे आम्ही घरी जाऊन सांगितले. तिची आजेसासूही तिथेच होती. आपल्या वेळी चीक टाकून दिल्याचे म्हातारीने स्वतःच सांगितले, आणि मग बराच वेळ ती गप्प राहिली.

डब्याचे सील अजून फोडलेले नाही. पावती मात्र ताईंनी घेतली नव्हती. येत्या शनिवारी आम्ही चौघीजणी त्यांच्याबरोबर दुकानात जाणार आहोत.