तारेतला गुप्त आकडा

तारेने पैसे पाठवणे आता इतिहासजमा झाले. खुद्द तारसेवाच जुलै २०१३मध्ये बंद झाली. पण मी सोलापुरात बँकेत होतो, तेव्हा सूत घेणाऱ्या आणि चादरी विकणाऱ्या व्यापाऱ्यांचा जीव या तारेत अडकलेला असे.

एका शनिवारी मुंबईहून ७५ हजारांची तार आली. व्यापारी समोर उभा. त्याला कामगारांची मजुरी वाटायची होती. अशा तारेत एक पडताळणीचा आकडा असे. रक्कम आणि तिजोरीतला गुप्त तक्ता यांवरून आम्ही तो पुन्हा काढून पाहायचो. त्या दिवशी आकडा जुळेना. "साहेब, एवढ्या वर्षांची ओळख, आणि विश्वास नाही?" तो कळवळून म्हणाला. मी पैसे दिले नाहीत. सोमवारी खुलासा आला. रक्कम १५ हजारच होती. वाटेत १ चा ७ झाला होता.

आमचा तक्ता वेगळा होता, पण त्यामागचे तत्त्व घरीही करून पाहता येईल. ७ आणि ४ या दोन गुप्त संख्या धरा. १५ला ७ने गुणा, ४ मिळवा, १०१ने भागा, बाकी ८. हेच ७५ घेऊन केले तर बाकी २४. रक्कम बदलली की लबाडी उघडी पडते.

या विचाराला पक्का पाया दिला तो अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीच्या कार्टर आणि वेगमन यांनी, १९७९ व १९८१ सालच्या निबंधांत. नाव ठेवले 'युनिव्हर्सल हॅशिंग'. त्यांचे म्हणणे असे : रीत जगजाहीर असू द्या, गुप्त संख्या मात्र दर वेळी चिठ्ठी टाकून निवडा. मग चोराने एक रक्कम आणि तिचा आकडा पाहिला, तरी दुसऱ्या रकमेचा आकडा बरोबर सांगण्याची शक्यता १०१त एक. १०१ऐवजी प्रचंड मोठी मूळ संख्या घेतली, की ती जवळजवळ नाहीशीच होते.

या बाक्यांचे चौकोनी तक्ते मांडले की गणितातले 'लॅटिन चौरस' तयार होतात. दहाच्या चौरसांची परस्परांशी जुळणारी जोडी अशक्य, असा ऑयलरचा १७८२पासूनचा तर्क होता. तो १९५९ साली बोस आणि पार्कर यांच्यासह खोटा ठरवणारे शरदचंद्र श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. अशाच चौरसांतून वाटेतल्या चुका हुडकून दुरुस्त करणारी सांकेतिक लिपीही रचता येते.

आज मोबाइलवरून बँकेशी व्यवहार करताना संदेश कोणी बदलला नाही ना, हे बहुधा याच जातीचे गणित क्षणात तपासते. ते आपले काम चोख करते. पण आमचा तक्ता दोन किल्ल्यांच्या तिजोरीत असे, हे विसरू नका. फोनवर गोड बोलून कोणी पिन किंवा ओटीपी मागितला आणि आपण तो दिला, तर गणित तरी काय करणार?