एमसीबी गप्प, बटण खाक

थंडी पडली की शहराच्या पानावर ठरावीक बातमी सुरू होते: फ्लॅटला आग, जीवितहानी टळली, कारण शॉर्टसर्किट असल्याचा प्राथमिक अंदाज. हा प्राथमिक अंदाज पुढे कधी अंतिम होतो का, हे मात्र वाचकाला कधीच कळत नाही. खरोखर शॉर्टसर्किट झालं, तर धड बसवलेला एमसीबी क्षणात पडतो. तो पडलाच नाही आणि तरी घर धुरानं भरलं, असं जिथे होतं तिथे मला पहिला संशय येतो तो बाथरूमबाहेरच्या गीझरच्या बटणाचा.

डोंबिवलीत उभं आयुष्य वायरमनकी करणाऱ्या एका काकांच्या पिशवीत जळके पिन टॉप असतात. गिऱ्हाइकाला दाखवायला मुद्दाम ठेवलेले. त्यातला एक सोळा अँपिअरचा हातात घेऊन पाहिला. अर्थिंगची जाड पिन नवीकोरी. दुसरी जराशी मळलेली. तिसरी काळीनिळी, तिच्या बुडाशी प्लास्टिक फुगून तपकिरी झालेलं आणि आतला स्क्रू बोटानं फिरवला तरी फिरत होता. ‘वायर मधेच नाही जळत साहेब, टोकाला जळते,’ काका म्हणाले. पुस्तकात चार पानं घेणारी गोष्ट त्यांनी एका वाक्यात उरकली.

हिशोब सोपा आहे. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर खेचतो. स्क्रूखाली वायर घट्ट आवळलेली असेल तर त्या सांध्याचा रोध नगण्य असतो. स्क्रू सैल झाला, तांब्यावर ऑक्साइडची पुटं चढली आणि रोध समजा 0.2 ओहमवर गेला, तर 13 गुणिले 13 गुणिले 0.2, म्हणजे जवळपास 34 वॅट उष्णता एका स्क्रूच्या जागेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं! आणि नेहमीच्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकायला बनवलेलं. सांधा तापतो, तापला की आणखी ऑक्साइड धरतो, त्यानं आणखी तापतो.

एमसीबीला यातलं काहीच दिसत नाही. तो प्रवाह वाढला की पडतो. इथे सांध्याचा रोध वाढल्यानं प्रवाह उलट किंचित घटलेला असतो. आरसीसीबी पाहतो तो प्रवाह बाहेर गळतोय का, एवढंच. शॉकपासून तो जीव वाचवतो, म्हणून घरात हवाच. पण सैल स्क्रूशी त्याचं देणंघेणं नाही. नवाकोरा डीबी (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड) बसवून निर्धास्त झालेल्या माणसाच्या हे गळी उतरवणं भलतंच अवघड जातं.

स्क्रू सैल होतात ते रोजच्या तापण्या-निवण्यानं. शिवाय मल्टिस्ट्रँड वायरचे चार तंतू छाटून ती भोकात बसवणारे महाभाग असतातच. सहा आणि सोळा अँपिअरचा एकत्र सॉकेट सोयीचा खरा, पण बारीक आणि जाड अशा दोन्ही पिना पकडायच्या म्हणून त्यातल्या पट्ट्यांची पकड लवकर ढिली पडते. साडेचार किलोवॅटचा गीझर तर साडेएकोणीस अँपिअर घेतो. तो सोळाच्या पॉइंटवर लावणं ही सरळसरळ चूक. आणि सोळाचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला लगेच पडेल असंही नाही, तो बराच वेळ सोसतो. तेवढ्यात दोघांच्या आंघोळी उरकतात.

धूर दिसायच्या आधी वास येतो. तापलेल्या बटणाच्या प्लास्टिकला पुष्कळदा मासळीसारखा वास येतो. आपल्याकडे अर्थातच आधी शेजारच्या स्वयंपाकघराकडे बोट जातं.

इंग्लंडात राहायला गेलेल्या मराठी घरांनाही हे दुखणं चुकत नाही. तिथल्या इलेक्ट्रिक शॉवरला टाकी नसते, पाणी वाहता वाहताच तापतं. त्यामुळे साडेदहा किलोवॅटचा शॉवर 45 अँपिअरच्या आसपास घेतो. त्याचं बटण बाथरूमच्या छताला, दोरी ओढून चालवायचं. 10 चौरस मिलिमीटरची ताठ केबल त्या लहानशा डबीत कोंबताना एखादा स्क्रू अर्धवट आवळला जातो आणि काही हिवाळ्यांनी टर्मिनल काळं पडतं. शॉवर चालू असतानाच दोरी ओढायची सवय असेल तर आतल्या संपर्कबिंदूंवर दर वेळी ठिणगी, ती वेगळीच.

मला खरा राग येतो तो दुरुस्तीच्या पद्धतीचा. जळकं बटण काढून नवं लावतात आणि मागची काळी, कडक झालेली वायर तशीच त्यात खुपसतात. काका ती लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापतात. पण डबीत वायर आखूड सोडलेली असली, आणि बहुतेकदा असतेच, तर नवी ओढावी लागते. तिथे गिऱ्हाईक मागे सरतं. त्याहून वाईट म्हणजे एमसीबी सारखा पडतो म्हणून वायर न बदलता सोळाच्या जागी बत्तीसचा बसवणं. मग वायरला वाली कोणी उरत नाही.

सोसायटीत दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षेचा फॉर्म बी भरला जातो. पंप, हायड्रंट, अलार्म सगळं कागदावर येतं, पण घरातली बटणं उघडून कोण पाहतो? ते आपल्यालाच करायला हवं. आंघोळ झाली की गीझर बंद करून कोरड्या हातानं बटणाची पट्टी चाचपून पाहा. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल, रंग पिवळसर झाला असेल किंवा आतून चरचर ऐकू आली असेल, तर त्या दिवशी चुलीवरचं पाणी बरं. मोठ्या गीझरला पिन टॉप नकोच. 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, 32 अँपिअरचा डीपी स्विच आणि थेट टर्मिनलला जोडणी, तीही परवानाधारक वायरमनकडून. भाड्याचं घर असेल तर खर्च मालकाचा. करारात रंगरंगोटीचं कलम असतंच, त्याच्याच खाली हेही लिहून घ्या.