फुल कील की फिन कील?

वारा बाजूने आला की शीड बोटीला पुढे ओढते, पण त्याचबरोबर जोराने आडवेही ढकलते. हा आडवा रेटा पाण्यात अडवून धरणे हे कीलचे पहिले काम. वाऱ्याने कललेली बोट पुन्हा सरळ उभी करणे हे दुसरे. पहिल्याला पाण्याखाली पुरेसा पृष्ठभाग लागतो आणि दुसऱ्याला तळाशी वजन, म्हणून कीलमध्ये शिसे किंवा बीड भरलेले असते. ही दोन्ही कामे किती मोठ्या आणि कोणत्या आकाराच्या कीलने करून घ्यायची, यावर नौकानयन करणाऱ्यांत साठ वर्षे वाद चालू आहे.

फुल कील म्हणजे बोटीच्या पुढच्या भागापासून थेट मागच्या टोकापर्यंत तळाला लागून गेलेली लांब कील. ती बोटीच्या अंगातूनच उतरते, त्यामुळे अंग कुठे संपले आणि कील कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. सुकाणू तिच्या मागच्या कडेवर बिजागऱ्यांनी बसवलेले असते आणि इंजिनाचा पंखा दोहोंमधल्या खाचेत सुरक्षित राहतो. फिन कीलच्या बोटीचा तळ उथळ व रुंद असतो आणि त्याच्या मध्याला एक अरुंद, खोल पाते बोल्टांनी जोडलेले असते. सुकाणू बऱ्याच मागे, स्वतंत्र. त्याच्या पुढे कधी आधाराचा एक छोटा पंख असतो, त्याला स्केग म्हणतात. कधी तोही नसतो.

फिन कील नवी नाही. अमेरिकन नौकारचनाकार नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी १८९१ मध्ये ‘डिलेमा’ नावाची बोट अशा पात्यावर बांधली होती. पण हौसेने दूर जाणाऱ्यांच्या बोटींत ती रुळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. बिल लॅपवर्थ यांची ‘कॅल ४०’ ही फायबरग्लासची हलकी बोट १९६३ मध्ये आली, तिला फिन कील आणि वेगळे सुकाणू होते. अशी बोट भर समुद्रात टिकणार नाही, असे तेव्हा अनेकांचे मत होते. दोनच वर्षांनी तिने कॅलिफोर्निया ते हवाई ही ट्रान्सपॅक शर्यत जिंकली आणि पुढे शर्यतीच्या बोटींतून फुल कील जवळजवळ नाहीशी झाली.

फुल कीलची कीर्ती मात्र शर्यतींवर अवलंबून नव्हती आणि तिच्या सर्वांत प्रसिद्ध बोटीचा जन्म मुंबईचा. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ १९६० च्या दशकात मुंबईत सागवानात बांधली गेली. जेमतेम ३२ फुटांची ही बोट १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाली आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतली. एकट्याने, कुठेही न थांबता केलेली ती जगातली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. वाटेत आपोआप दिशा राखणारे यंत्र निकामी झाले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडांचा मेळ असा बसवला की बोट स्वतःच आपली दिशा धरून चालली. हे लांब कीलचे खरे वैशिष्ट्य. पाण्याखालचा पृष्ठभाग लांबीभर पसरलेला असल्याने लाटेने नाक सहजासहजी फिरत नाही आणि सुकाणूवरच्या माणसाला क्षणाक्षणाला दुरुस्ती करावी लागत नाही. मात्र ३१२ दिवसांच्या त्या प्रवासाचा सरासरी वेग सुमारे ४ नॉट होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

वेगाचा हिशेब थोडा समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याबाबत गैरसमज फार. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा कमाल वेग मुख्यतः तिच्या पाण्याच्या रेषेवरील लांबीने ठरतो. २८ फूट लांबीला तो ७ नॉटच्या आसपास येतो, मग कील कोणतीही असो. जोराच्या वाऱ्यात म्हणूनच दोन्ही बोटींत वाटते तेवढे अंतर पडत नाही. अंतर पडते ते मंद वाऱ्यात. वेग कमी असताना बोटीला मुख्य अडथळा लाटांचा नसतो, पाण्याच्या घर्षणाचा असतो, आणि घर्षण भिजलेल्या पृष्ठभागावर अवलंबून असते. फुल कीलचा भिजलेला पृष्ठभाग बराच मोठा, शिवाय अशा बोटी बहुधा जडही असतात. ६-७ नॉटच्या झुळकीवर फिन कीलची बोट बऱ्यापैकी चालते तेव्हा फुल कीलवाला इंजिन सुरू करतो. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मंद वारे येतात आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा जोर धरतो. तिथे सकाळचे चार तास शिडावर काढायचे की इंजिनाच्या आवाजात, हे बऱ्याच अंशी कील ठरवते.

वाऱ्याच्या रोखाने जायचे असेल तर फरक आणखी स्पष्ट होतो. कोणतीही शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, तिला नागमोडी जावे लागते. फिन कील पाण्यात विमानाच्या पंखासारखी वागते. किंचित तिरकी चालताना तिच्या एका बाजूला दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो आणि कमी पृष्ठभागातही आडवा रेटा अडवला जातो. पाते जितके खोल आणि अरुंद, तितके हे काम चोख. चांगली फिन कीलची बोट वाऱ्याशी ४५ अंशांपर्यंत रोख ठेवते. जुन्या धाटणीच्या फुल कीलच्या बोटीची आडवी घसरण धरली तर प्रत्यक्ष कोन बरेचदा ५५ अंशांजवळ जातो. दहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण वाऱ्याच्या दिशेला असलेले १० मैलांवरचे ठिकाण गाठायला पहिलीला सुमारे १४ मैल पडतात आणि दुसरीला १७ मैलांहून जास्त. रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परत यायचे असेल तर हे तीन मैल जड जातात. फिन कीलचे हे पंखासारखे काम वेगावर अवलंबून असते. नाक वाऱ्यातून फिरवल्यावर वेग मंदावलेला असताना फिन कीलची बोट काही क्षण आडवी घसरते आणि नवशिका तेव्हाच शीड जास्त ताणून परिस्थिती बिघडवतो.

बंदरात शिरताना फुल कीलच्या मालकाची खरी परीक्षा होते. फिन कीलची बोट आपल्या पात्याभोवती जवळपास जागच्या जागी वळते. फुल कीलच्या बोटीला वळायला मोठा फेर लागतो. इंजिनावर मागे जाताना तर ती सुकाणूचे फारसे ऐकत नाही, पंखा जिकडे ढकलेल तिकडे शेपूट जाते. दाटीच्या मरिनात ही बोट चालवणारा सराव झाला तरी आधी वारा आणि प्रवाह पाहतो, दोर तयार ठेवतो आणि शक्यतो मागे जावेच लागू नये अशी आखणी करतो. रोज तासाभरासाठी बोट काढणाऱ्याला हा व्याप कंटाळा आणतो आणि मग बोट जागेवरच राहते.

किनाऱ्याजवळ मात्र फुल कीलचे काही हिशेब चोख आहेत. मासेमारीच्या जाळ्यांचे दोर तिच्या सलग कडेवरून सरकून जातात. फिन कीलच्या पुढच्या कडेत किंवा सुटे सुकाणू आणि अंग यांच्या फटीत तेच दोर अडकतात. रात्री किंवा पहाटे जाळी पसरलेल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्याला याची किंमत कळते. बोट वाळूवर किंवा चिखलात रुतली तरी लांब कील धक्का लांबीभर वाटून घेते. खोल पात्याला तळाशी धक्का बसला की त्याचा सगळा ताण वरच्या जोडावर, म्हणजे बोल्ट आणि आसपासच्या फायबरग्लासवर येतो. वरून ओरखडाही दिसत नसला तरी आतून जोड सैल झालेला असू शकतो. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी राफिकी’ या बोटीची कील सुटून बोट उलटली आणि तिच्यावरचे चौघे खलाशी गेले. फिन कीलची बोट तळाला घासली तर ती पाण्याबाहेर काढून जोड तपासून घ्यायला हवा, याला पर्याय नाही.

यावरून फुल कील म्हणजे सुरक्षित आणि फिन कील म्हणजे धोकादायक असे समीकरण मांडले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने ३०३ बोटींच्या ताफ्याची वाताहत केली आणि शर्यतीतल्या १५ खलाशांचा बळी घेतला. सर्वांत लहान बोटींच्या गटातून एकच बोट शर्यत पूर्ण करून आली. ती ‘असेंट’, ३२ फुटांची कॉन्टेसा, आणि तिला फिन कील होती. उलट बाजूला ‘तुरीय’ आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी सुहेलीच्या नमुन्यावर गोव्यात बांधलेल्या या फुल कीलच्या बोटीला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने उलटवले, डोलकाठ्या मोडल्या आणि कमांडर अभिलाष टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. बोट उलटते का आणि उलटल्यावर सरळ होते का, हे तिचे वजन किती खाली आहे आणि अंग किती रुंद आहे यावर ठरते. कीलची लांबी त्यात दुय्यम. लांब कीलची बोट लाटांवर सावकाश डुलते, वादळात शीड आवळून जागी थोपवून ठेवायला सोपी जाते आणि माणूस कमी थकतो. लांबच्या सफरीत थकवा हाच मोठा धोका असतो, त्यामुळे हा गुण कमी लेखण्याजोगा नाही. गोल्डन ग्लोबच्या नियमांत आजही फुल कील सक्तीची आहे.

या दोन टोकांच्या मध्ये अनेक बोटी आहेत. कीलचा पुढचा भाग कापून घेतलेली लांब कील बरीच चपळ होते. बेताच्या लांबीची फिन आणि स्केगच्या आधाराने बसवलेले सुकाणू हा कॉन्टेसाचा मार्ग. तो किनाऱ्यालाही चालतो आणि प्रसंगी समुद्रालाही. ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या खाड्यांसाठी ब्रिटनमध्ये दोन आखूड कीलच्या बोटी लोकप्रिय आहेत, त्या चिखलावर सरळ उभ्या राहतात.

निवड करताना बोटीआधी जागा पाहावी: ओहोटीला तळाशी किती पाणी उरते, दोर कुठे बांधायचा, वारा बहुधा कोणत्या जोराचा असतो. रोजच्या आणि आठवड्याच्या फेरीसाठी, मंद ते मध्यम वाऱ्यात आणि दाटीच्या बंदरात, बेताच्या खोलीची फिन कील सरस ठरते. अट एवढीच की कीलचे बोल्ट नियमित तपासले जावेत. महिनोन्‌महिने जमीन दिसणार नाही अशा सफरीचा बेत असेल, किंवा जाळ्यांनी भरलेल्या उथळ किनाऱ्यावरच राहायचे असेल, तर फुल कीलचा संथपणा सोसावा.