'ट्विस्ट' आणि मराठीचा पीळ

इंग्रजीतील 'ट्विस्ट' हे क्रियापद आपल्या घरांत आता इतके रुळले आहे, की खेळताना पाय मुरगळलेला मुलगा 'पाय ट्विस्ट झाला' असे सांगत घरी येतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे 'मोच आली' असेही ऐकू येते. परका शब्द आला याचे दुःख नाही. परंतु हा एकटा पाहुणा घरच्या आठ-दहा शब्दांची जागा अडवून बसतो, हे मात्र विचार करण्याजोगे आहे.

या शब्दाचे कुळ मनोरंजक आहे. 'दोन' या अर्थाच्या 'टू'शी त्याचे नाते असून 'ट्विन' आणि 'ट्वाइन' ही त्याचीच भावंडे होत. जुन्या इंग्रजीतील सामासिक शब्दांत तो दोराच्या अर्थी आढळतो. दोन पदर एकमेकांभोवती फिरले की दोर होतो. पुढे घोटा, झाकण, शब्द, कथानक, जे जे सरळपणा सोडील ते सारे 'ट्विस्ट'च ठरले.

मराठीत वस्तू बदलली की क्रियापद बदलते. दोर वळावा, मिशीला पीळ द्यावा, ओले धोतर पिळावे, हात पिरगळावा, झाकण फिरवावे. पाय मुरगळतो, कंबर लचकते, पोटात मुरडा येतो आणि नावडती भाजी पाहून मूल नाक मुरडते. शब्दांचा विपर्यास होतो, कथेला कलाटणी मिळते. कपडे पिळण्यास इंग्रजांकडेही 'रिंग' हा निराळा शब्द आहे. त्याच्या आरंभीचा 'डब्ल्यू' आता मुका झाल्याने तो अंगठीसारखाच ऐकू येतो, एवढेच. चूक या अर्थाचा 'राँग' त्याच्याच गोतावळ्यातला. त्याचा मूळ अर्थ वाकडा!

आपला 'पिळणे' तर थेट संस्कृत 'पीड्' धातूपासून आला. म्हणजे 'पीडा' आणि 'पिळणे' ही एकाच घरची लेकरे. 'पिळवणूक' या शब्दात ऊस आणि माणूस एकाच चरकातून जातात. लॅटिनमध्येही पिळण्याच्या 'तोर्क्वेरे' या क्रियापदापासूनच छळाचा 'टॉर्चर' आणि जुलमाने पैसे उकळण्याचा 'एक्स्टॉर्शन' हे शब्द इंग्रजीत उतरले. दूरदूरच्या लोकांना छळ आणि पीळ यांचे साम्य असे एकसारखेच जाणवले.

तेव्हा 'ट्विस्ट झाला' म्हणत मूल लंगडत आले, की तेल कोमट करता करता त्याला विचारावे, "मुरगळला, की नुसता लचकला?"