धुराचा हिशेब कोणी द्यायचा?



आपल्या वार्षिक अहवालात ताळेबंद असतो, नफा-तोटा पत्रक असते, गाळपाचे आकडे असतात. त्यात 'यंदा हवेत कार्बन वायू किती सोडला' हेही पान छापा, असे कोणी म्हणाला तर जनरल सभेत हशाच पिकेल. पण अमेरिकेत याच पानावरून तीन वर्षे वाद झाला, आणि त्यात शेतकरीही ओढला गेला.

आपल्याकडे सेबी, तसे तिकडे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन. त्यांनी मार्च २०२२ मध्ये मसुदा काढला. शेअरबाजारातल्या कंपन्यांनी हवामानाचा आपल्या धंद्याला धोका काय आणि आपण वायू किती सोडतो, हे जाहीर करावे. बाजूचे लोक म्हणाले, ज्याचा पैसा गुंतला त्याला पूर-दुष्काळाचा धोका कळायलाच हवा. विरोधक म्हणाले, खर्च फार, आकडे अंदाजाचे, आणि हे शेअरबाजाराच्या कमिशनचे कामच नव्हे. कमिशनकडे चोवीस हजारांवर पत्रे आली.

मसुद्यात वायूचे तीन भाग होते. पहिला कंपनीच्या स्वतःच्या बॉयलरचा आणि गाड्यांचा, दुसरा विकत घेतलेल्या विजेचा, तिसरा कच्चा माल पुरवणाऱ्यांचा आणि पक्का माल वापरणाऱ्यांचा. इथेच घोडे अडले. अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन ही शेतकऱ्यांची संघटना म्हणाली की कंपनी हा तिसरा आकडा आणणार कुठून? शेवटी शेतकऱ्याच्याच दारात येणार. खत किती, डिझेल किती, लिहून दे म्हणणार. लहान शेतकऱ्याकडे कारकून कुठला? हे म्हणणे मला तरी पटते.

६ मार्च २०२४ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी नियम मंजूर झाला, पण तिसरा भाग गाळून. तरी लगेच दावे पडले. एप्रिलात कमिशनने स्वतःच स्थगिती दिली आणि सरकार बदलल्यावर मार्च २०२५ मध्ये कोर्टात बाजू मांडणेही सोडले. कॅलिफोर्निया राज्याने मात्र २०२३ मध्येच, वर्षाला शंभर कोटी डॉलरवर उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी तिसऱ्या भागासह कायदा केला. त्यावरही दावे झालेच.

आता आपले बघा. सेबीने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल २०२२-२३ पासून सक्तीचा केला. आपला शेअर काही बाजारात विकला जात नाही, तेव्हा हा नियम आपल्याला लागू नाही. पण सहकारी कारखान्यांची साखर घेणाऱ्या बिस्किटाच्या, शीतपेयांच्या बड्या कंपन्या त्यात आहेत. पुरवठादारांची माहिती देण्याचे कलमही सेबीने २०२३ मध्ये आणले. पुढे ते ऐच्छिक केले, एवढेच.

आणि उसात मोजण्यासारखे पुष्कळ आहे. पाचट पेटवले की धूर डोळ्यांना दिसतो. युरियाचे दिसत नाही. सरीत युरिया फेकून वर मोकाट पाणी सोडले, की त्यातल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. तो नत्र तुम्ही पैसे मोजून आणलेला असतो, पिकाला मात्र लागलेला नसतो. म्हणून खत मातीआड करा, हे आम्ही शेतकी खात्याचे लोक उगाच ओरडत नाही.

खताच्या पावत्या, लागणीची तारीख, पाचट ठेवले की जाळले, एवढे वहीत टिपून ठेवायला हरकत नाही. मात्र कोणी परस्पर बांधावर येऊन ही माहिती मागू लागला, तर आधी गट ऑफिसला कळवा. माहिती कोणत्या कंपनीला हवी आणि त्यापोटी उसाला टनामागे काय मिळणार, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

— ऊस विकास अधिकारी