गहू कुठे अडतो?

म्यूनिखच्या उपनगरात आमच्या इमारतीच्या तळघरात शेजारचे काका बिअर करतात आणि मी त्यांच्या हाताखाली राबतो. जर्मनीत 2024 पासून घरच्या वापरासाठी वर्षाला 500 लिटरपर्यंत बिअर करमुक्त आहे. विकायला मात्र बंदी. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे.) काकांची आवड वाइत्सनबिअर, म्हणजे गव्हाची बिअर. जर्मनीतल्या नियमाप्रमाणे तिच्यात निम्मं तरी माल्ट गव्हाचं लागतं, बाकीचं जवाचं असतं, आणि खरी कटकट त्या गव्हाचीच असते.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की त्यातली विकरं स्टार्चची साखर करतात. हे झालं मॅश. मग गाळून निघतो तो गोड रस, वर्ट. धान्यातून निघू शकणाऱ्या ऐवजापैकी किती पातेल्यात उतरला, त्यावर मॅशची कार्यक्षमता ठरते. 5 किलो माल्टमधून जास्तीत जास्त 4 किलोच्या आसपास ऐवज विरघळू शकतो. 20 लिटर वर्टची घनता 1.050 भरली, तर त्यात साधारण 2.6 किलो उतरला, म्हणजे 65 टक्के. बाकीचा एक तर दाण्यात अडकला किंवा चोथ्याबरोबर गेला. काका आधी या दोन गळत्या वेगळ्या करतात, कारण दोन्हींवरचे उपाय निराळे.

पहिली गळती भरडताना होते. गव्हाचा दाणा जवापेक्षा लहान आणि टणक. जवासाठी लावलेल्या गिरणीच्या रुळांच्या फटीतून तो नुसता टवका उडून खाली पडतो, आणि अख्ख्या दाण्याच्या पोटापर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून काका दोन्ही धान्यं वेगळी भरडतात. जवाला एक मिलिमीटरहून थोडी जास्त फट, गव्हाला 0.8 च्या जवळपास. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे तो बारीक झाला तरी बिघडत नाही. जवाचं टरफल मात्र अख्खं राहायला हवं, कारण पुढे गाळणीचं काम तेच करतं. म्हणून त्या माल्टवर भरडण्याआधी पाण्याचा हलका हबका मारतात; टरफल चिवट होतं आणि तुटत नाही.

मॅशचं पातेलं 45 अंशांवर थोडा वेळ थांबतं. त्याने या बिअरचा लवंगेसारखा गंध खुलतो. मग 63, नंतर 72. गव्हात टरफल नाही आणि प्रथिनं भरपूर, त्यामुळे लगदा कुरडयांच्या चिकासारखा घट्ट होतो. तळाशी धरू नये आणि गुठळ्यांत कोरडं पीठ राहू नये, म्हणून ढवळत राहण्याची जबाबदारी माझी. आम्लता (pH) 5.4 च्या आसपास आणायला काका थोडं लॅक्टिक आम्ल घालतात. शेवटी पांढऱ्या बशीत वर्टच्या थेंबावर आयोडीन टाकतात. निळंकाळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, पिवळसर राहिलं तर विरघळलेल्या स्टार्चची साखर झाली.

दुसरी गळती गाळताना. नळ एकदम सोडला की थर दाबला जातो, चिकटतो आणि धार थांबते. त्यावर उपाय भाताच्या तुसांचा. तुसं आधी भिजवून, धान्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत मिसळायची. थर मोकळा राहतो, चव बदलत नाही. नळ करंगळीएवढ्या धारेपेक्षा जास्त सोडायचा नाही. मग 78 अंशांच्या आतलं पाणी दोन-तीन खेपांत वरून घालून चोथ्यातली साखर धुवून घ्यायची. थर उघडा पडण्याआधी पुढची खेप. उतरत्या रसाची घनता 1.010 पर्यंत आली की काका थांबतात. त्यापुढे साखर कमी आणि टरफलाचा तुरटपणाच जास्त येतो.

एवढं सांभाळलं की 75 टक्के मिळतात. तेवढ्याच बिअरला 5 किलोऐवजी सुमारे 4.3 किलो माल्ट पुरतं. 700 ग्रॅम धान्याची बचत फार मोठी नाही. फायदा आहे तो दर वेळी तोच आकडा येण्यात, कारण त्यावरच पुढचं प्रमाण बसवता येतं. जिथे कायदा परवानगी देतो तिथे कुणी हे करणार असेल, तर धान्य वाढवण्याआधी गिरणीची फट तपासावी.