विश्लेषण : स्क्रीनवर १० अंश, इंजिनात किती?

जुन्या गाडीला नवे ईसीयू बसवून लॅपटॉपवरून इंजिन ट्यून करणाऱ्यांना ‘मेगास्क्वर्ट’ आणि ‘स्पीडुइनो’ ही नावे परिचित आहेत. दोन्ही ‘ट्यूनरस्टुडिओ’ या सॉफ्टवेअरवरून सेट करता येतात. स्क्रीनवर ‘इग्निशन ॲडव्हान्स १० अंश’ दिसले, की काम झाले असे वाटते. मात्र हा आकडा मोजलेला नसतो, ईसीयूने गृहीत धरलेला असतो. तो चुकीचा निघाला तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

ठिणगी आधी का लागते?

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटल्याबरोबर एका क्षणात जळून जात नाही. त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला पोहोचण्याआधीच प्लगमधून ठिणगी पडावी लागते. टीडीसीनंतर साधारण १५ अंशांवर दाब सर्वाधिक व्हावा, असा हिशेब असतो. ३००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, ६००० ला १० मिलिसेकंदांत. जळण्याचा वेळ तेवढा घटत नाही, म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. फार आधी पडली तर नॉकिंग. उशिरा पडली तर ताकद कमी आणि एक्झॉस्ट तापतो.

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर सैल करून किंचित फिरवायचा आणि कानाने अंदाज घ्यायचा. ईसीयूला क्रँकवरच्या दातेरी चाकाखेरीज दुसरा आधार नाही.

चूक कुठे शिरते?

या चाकाचा एक प्रचलित प्रकार ‘३६-१’. दर १० अंशांवर एक दात, त्यातला एक मुद्दाम गाळलेला. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली, की क्रँक कुठे आहे हे ईसीयूला कळते. पण तेव्हा टीडीसी किती अंश दूर आहे, हे माणसाने सांगायचे असते. हाच ‘ट्रिगर अँगल’. त्यात एका दाताची गफलत झाली तर १० अंशांची चूक होते आणि ती टेबलच्या प्रत्येक घरात शिरते. टेबलमध्ये ३० लिहिलेले असताना ठिणगी ४० वर पडते.

‘सिंक’ करायचे कसे?

आधी पुलीवरची टीडीसीची खूण खरी आहे का, ते पाहायचे. जुन्या पुलीतले रबर सुटून बाहेरची कडी सरकलेली असते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मग सॉफ्टवेअरमध्ये टेबलऐवजी ‘फिक्स्ड टायमिंग’ निवडून १० अंश ठेवायचे, पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइटचा क्लॅम्प लावायचा आणि पुलीवर प्रकाश टाकायचा. तिथे १८ दिसले तर फरक ८ अंशांचा. तेवढाच ट्रिगर अँगल बदलायचा. दिशा उलटी निवडली तर फरक मिटण्याऐवजी दुप्पट होतो. मग बदल उलट दिशेने करायचा.

डायल असलेला टायमिंग लाइट ‘वेस्टेड स्पार्क’ इंजिनवर फसवा आकडा देऊ शकतो, कारण तिथे प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. डायल शून्यावर ठेवून पुलीवरच्या अंशांच्या खुणा वाचणे सुरक्षित. आणखी एक धोका : या प्रकाशात फिरती पुली आणि पंखा थांबल्यासारखे दिसतात. हात आणि सैल कपडे दूरच ठेवावेत.

आयडलला आकडा जुळला म्हणून लगेच बॉनेट बंद करू नये. ३००० आरपीएमपर्यंत नेऊन पुन्हा पाहावे. खूण सरकत असेल तर सेन्सरच्या वायरी उलट्या असतील किंवा सिग्नलला उशीर होत असेल. ०.१ मिलिसेकंदाचा उशीरही ६००० आरपीएमला ३.६ अंशांचा होतो. हे ट्रिगर अँगल बदलून सुटत नाही. आयडलला दुरुस्त केलेले वर पुन्हा बिघडते.

दोन्ही ठिकाणी १० दिसल्यावर सेटिंग ईसीयूत ‘बर्न’ करायचे आणि ‘फिक्स्ड’ काढून पुन्हा टेबल सुरू करायचे. हे शेवटचे काम विसरले तर गाडी चालते, पण वेग वाढला तरी टायमिंग १० वरच अडकून राहते. पुढे कधी सेन्सर किंवा चाक हलवले, तर टायमिंग लाइट पुन्हा लावावा लागतो.